शिरगावशेजारचं गहुंजे मैदान

शिरगावच्या प्रतिशिर्डी साईमंदिरापासून जवळच, द्रुतगती मार्गालगत गहुंजेचं स्टेडियम उभं आहे. रचना ब्रिटिश वास्तुविशारद मायकेल हॉपकिन्स यांच्या संस्थेची. उद्घाटन १ एप्रिल २०१२ रोजी शरद पवारांच्या हस्ते. पुण्यातले आंतरराष्ट्रीय सामने पूर्वी नेहरू स्टेडियमवर होत. १९९६च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं ते तिथेच.

गहुंजेतली पहिली कसोटी फेब्रुवारी २०१७ची. भारत १०५ आणि १०७ धावांत गारद, स्टीव्ह ओकीफचे ७० धावांत १२ बळी, ऑस्ट्रेलियाचा ३३३ धावांनी विजय. ऑक्टोबर २०१९मध्ये विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या. ही त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी. २०२४मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि मायदेशातल्या सलग १८ कसोटी मालिका जिंकणाऱ्या भारताची घोडदौड थांबली.

पण गहुंजेचा खरा दिवस १५ जानेवारी २०१७. इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात ३५१ धावांचा पाठलाग, ४ बाद ६३, आणि मैदानात उतरला पुण्याचाच केदार जाधव. घरच्या प्रेक्षकांसमोर ७६ चेंडूंत १२० धावा, कोहलीसोबत २०० धावांची भागीदारी! भारत ३ गडी राखून जिंकला.