धोका, जोखीम आणि माळवद

यंदा अनुवादाच्या तासाला आपत्ती व्यवस्थापनाचा एक सरकारी उतारा घेतला होता. त्यातले धोका, जोखीम आणि भेद्यता हे तीन शब्द विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरले. भेद्यता हा शब्द तर किल्ल्याच्या तटालाच शोभावा असा! शेवटी मी उतारा बाजूला ठेवला आणि किल्लारी सांगितली. आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना ती परकी नाही. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि आम्ही एकाच राज्यात होतो. माझे आजोळही उमरगा तालुक्यातले.

३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती विसर्जन करून गाव उशिरा निजलेले. चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. हा धोका, तो कोणाच्याच हातात नव्हता. पण सहाहून थोड्या अधिक क्षमतेच्या भूकंपात सगळीकडेच दहा हजारांच्या आसपास माणसे मरत नाहीत. इथे ती घरांखाली मेली. दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया-फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. उन्हात गार, थंडीत उबदार. गळू लागले की पावसाआधी नवी माती पसरायची. जुनी सहसा काढत नसत. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचे वजन वाढत गेले. भिंतींतले दगड नुसत्या मातीत बसवलेले, आतली-बाहेरची बाजू सांधणारे लांब दगड नाहीत. हादऱ्याने त्या फुटून ढासळल्या. भेद्यता म्हणतात ती ही. गवती छपराच्या झोपड्या मात्र पुष्कळशा तगल्या, म्हणजे गरीब तेवढा दुबळा हे नेहमीचे गणितही इथे चुकले.

जोखमीत आणखी एक गोष्ट येते: त्या वेळी तिथे कोण होते? तोच हादरा दुपारी बसता तर पुष्कळ माणसे रानात असती. आदल्या वर्षी किल्लारीला लहान धक्के बसले, तेव्हा लोक काही दिवस बाहेर झोपले, मग घरात परतले. त्यांना दोष कसा द्यावा? देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२च्या नकाशात तो तिसऱ्यात गेला आणि पहिला विभागच रद्द झाला.

‘घर पक्के आहे का?’ असे कोणी पाहणीत विचारले असते, तर माझी आजी ठासून ‘हो’ म्हणाली असती. भिंतीची रुंदी हा तिचा अभिमान होता. तिला विचारायला हवे होते ते असे: माळवदावर शेवटची माती कधी टाकली, आणि त्याआधीची उपसली होती का?