दुधाविना एक आठवडा

1993 साली कॅलिफोर्नियातल्या दूध प्रक्रिया कंपन्यांच्या ‘गॉट मिल्क?’ मोहिमेआधी जाहिरात संस्थेने काही ग्राहकांना आठवडाभर दूध न घेता राहायला सांगितलं. मग त्यांना बोलतं केलं. दूध आठवलं ते खाण्याबरोबर: समोर सीरियलचा वाडगा आहे आणि घरात थेंबभर दूध नाही! आरोग्याचे गोडवे बाजूला ठेवून जाहिरातीने ही चुटपुटच पकडली. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं.

परिणाम मोजताना मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. जाहिरात आठवते का? आणि काल घरात दूध किती संपलं? दुसरा प्रश्न मोहिमेआधीही विचारलेला हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? या मोहिमेनंतर कॅलिफोर्नियातली दुधाची घसरती विक्री सुरुवातीला सावरली. घोषवाक्य देशभर गाजलं. अमेरिकेतला पिण्याच्या दुधाचा दरडोई वापर मात्र पुढेही घटतच राहिला.