सांवरेची मोरड

सत्तरच्या दशकात गोव्यातल्या पेडण्यात जमिनीची नवी मोजणी चालू होती, तेव्हा मी कोवळा तलाठी होतो. एक-चौदाच्या उताऱ्यात जिरायत, बागायत, खाजन, केर, मोरड असे जमिनीच्या प्रकारांचे रकाने. मग कब्जेदार कोण, कूळ कोण, पीक काय. आणि एक रकाना शेताच्या नावाचा. माझा जीव त्या रकान्यात अडकायचा.

पुढे डूम्सडे बुकाविषयी वाचलं आणि ओळखीचं काही सापडल्यासारखं झालं. १०८६ साली इंग्लंडच्या नॉर्मन राजानं, विल्यमनं, तेरा हजारांवर ठिकाणांची नोंद करवून घेतली. जमीन आधी कुणाची होती, आता कुणाची, नांगर किती, कुरण किती, गिरणी आहे का? चार घरांच्या वाडीलाही त्यात ओळ-दोन ओळी मिळाल्या. विचारणा व्हायची ती पाद्री, गावचा कारभारी आणि सहा कुळांकडे, शपथेवर. आम्हीही बांधावर शेजारी उभे करूनच हद्द विचारायचो.

गोव्यात आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्यानं १६ सप्टेंबर १५२६ रोजी फोराल, म्हणजे सनद, काढला, ४९ कलमांचा. त्यात नांगर मोजलेले नाहीत, गावाची रीत लिहिली आहे. चार माणसं ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन पिकवली, तिथून गावकारी, म्हणजे गावाची सामाईक व्यवस्था, सुरू झाली, असं फोराल सांगतो. भाताची कापणी दरवर्षी आधी ताळगाव या गावानं सुरू करायची, हा मानही त्यात आहे. ताळगावात कणसाचं फेस्त अजून होतं, आणि मला ते कुठल्याही दस्तापेक्षा पक्कं वाटतं.

हा फोराल तिसवाडीच्या चालीरीतींवर बेतलेला. आमचं पेडणं त्यात नव्हतं; ते पोर्तुगिजांकडे आलं १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तरी एक गोष्ट सारखी होती. फोरालात वारसा मुलग्यांचा, मुलींचा नाही. आमच्या उताऱ्यांतही कूळ म्हणून बहुतेक पुरुषांचीच नावं. लावणीला वाकलेल्या बायांसाठी वेगळा रकाना नव्हता.

एका शेताच्या नावाचा रकाना कोराच राहत होता. कब्जेदाराला नाव ठाऊक नाही, शेजाऱ्यांना हद्द तेवढी पाठ. पेंढी बांधत असलेली एक म्हातारी मान वर करून म्हणाली, "पुता, ही सांवरेची मोरड." सांवर म्हणजे शेवर. झाड कुठंच दिसेना. ती उठली, बांधावरून चालत गेली आणि एका जागी पायानं माती दाबून म्हणाली, "हांगा."

मी पेन काढलं आणि रकाना भरला.