सुई टोचली तर पहिले दोन तास वाया घालवू नका

आपल्या वस्तीत गल्लीआड एक जण तरी दवाखान्यात कामाला असतोच. कोणी सिस्टर, कोणी आया, कोणी वॉर्डबॉय, कोणी लॅबमध्ये. आणि सर्वांत जास्त सफाईवर, तेही ठेकेदाराकडे. भंडारा असो, तुमसर, साकोली की पवनी, रक्ताने माखलेला कचरा शेवटी उचलतो तो बहुधा आपलाच माणूस. त्यात सुई टोचली तर काय करायचे, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

इतकी वर्षे आम्ही पाहत आलो, इंजेक्शन देताना सुई फारशी टोचत नाही. टोचते ती नंतर. टोपण परत बसवताना, चादरीत राहून गेलेली सुई झटकताना, पिशवी भरली म्हणून कचरा हाताने दाबताना. म्हणून टोपण परत लावायचेच नाही. वापरलेली सुई तिथल्या तिथे निडल कटरने तोडायची. सुई पांढऱ्या जाड डब्यात, सिरिंज लाल पिशवीत. डबा पाऊण भरला की बंद. पिशवी वरून धरायची आणि अंगापासून लांब न्यायची. पातळ हातमोजा सुई अडवत नाही, सफाईवाल्यांनी जाड रबरी मोजेच मागावेत.

तरीही टोचलीच तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, ब्लीचिंग, स्पिरिट, हळद, चुना काही लावू नका. डोळ्यात रक्त उडाले तर साध्या पाण्याने डोळा धूत राहा. मग लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगा आणि वेळेसकट लेखी नोंद करायला लावा. एचआयव्ही रोखणारे औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावे. बहात्तर तासांनंतर ते सुरू करून उपयोग नाही. रोज घ्यायचे, अठ्ठावीस दिवस, मध्ये सोडायचे नाही. लाखांदूरकडच्या गावातून जिल्हा रुग्णालय गाठायला वेळ लागतो, तेव्हा "ड्युटी संपली की पाहू" म्हणू नका. रक्त त्याच दिवशी तपासायचे, पुढे सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी.

लोक एचआयव्हीला घाबरतात आणि काविळीला विसरतात. खरे गणित उलटे आहे. रोगी एचआयव्हीबाधित असला तरी एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हेपॅटायटिस सी शंभरात दोन-तीन. आणि हेपॅटायटिस बी? लस घेतलेली नसेल तर शंभरात तीसपर्यंत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. त्याची लस आहे, तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. सी ची लस नाही, पण गोळ्यांनी तो बरा होतो.

ही लस कोणाची मेहेरबानी नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे, दरवर्षी प्रशिक्षण व आरोग्य तपासणी करणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने सुरक्षासाधने आणि टोचल्यानंतरचे औषध देणेही बंधनकारक केले. कंत्राटी माणूस यातून वगळलेला नाही. तपासणी तुमच्या संमतीनेच होते, निकाल गुप्त राहतो, आणि एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणे हा त्या कायद्याने भेदभाव ठरतो. हे ठाऊक नसल्यामुळेच आपली माणसे टोचलेले लपवतात. रोजी जाईल ही भीती, दुसरे काय! लेखी नोंद नसेल तर उद्या आजार निघाल्यावर भरपाई मागायला हातात काहीच उरत नाही.

काही ठिकाणी वरिष्ठ म्हणतात, "ही सेवा आहे, एवढे सहन करा," आणि वर सावित्रीमाईंचे नाव घेतात. 1897 साली प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना माईंना लागण झाली आणि त्या गेल्या. तेव्हा प्लेगवर औषध नव्हते. आज लस फ्रिजमध्ये पडून असताना मजुराला माईंचे उदाहरण देणे आम्हाला पटत नाही.

घरचेही थोडे बघा. आपल्या समाजात सिकलसेल आहे, साखरेचे रोगीही वाढलेत. म्हणजे रक्त तपासणे, इन्सुलिन टोचणे घरोघरी आले. ती सुई पिशवीत टाकून घंटागाडीत गेली की टोचते कचरा निवडणाऱ्या आपल्याच बहिणीला. फिनाइलची रिकामी जाड बाटली घ्या, सुया तिच्यात टाका, झाकण घट्ट लावा, वर "सुया" असे लिहा आणि वेगळी द्या. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

एचआयव्हीबाबत शंका असल्यास 1097 हा क्रमांक मोफत आहे. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी येत्या पौर्णिमेला विहारात येताना आपले लसीचे कार्ड सोबत आणावे. ज्यांच्याकडे ते नाही त्यांची नावे लिहून घ्या, मग लेखी अर्ज एकट्याने न देता सर्वांनी मिळून द्या.