न्यायाच्या पायऱ्या

राज्यघटनेने दिलेला हक्क प्रथम कागदावर असतो. तो माणसाच्या हाती पडेपर्यंत पुष्कळ वाट चालावी लागते. ती वाट कशी असते, हे अमेरिकेतील एका दाव्यावरून चांगले समजते.

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात बसगाड्यांतील पुढच्या जागा गोऱ्या लोकांसाठी राखलेल्या असत. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने आपली जागा सोडण्यास नकार दिला, म्हणून तिला अटक झाली. १ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनाही तशाच कारणाने पकडण्यात आले. तेव्हा शहरातील कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला. हजारो माणसे कामावर पायी जाऊ लागली.

परंतु बहिष्काराने कायदा आपोआप बदलत नाही. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. पार्क्स यांचा खटला राज्याच्या न्यायालयांत रेंगाळण्याची भीती होती. म्हणून फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात निराळा दावा दाखल केला. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट व इतर तीन स्त्रिया वादी होत्या. महापौर गेल व अन्य अधिकारी प्रतिवादी होते. दडपणामुळे एका स्त्रीने लवकरच माघार घेतली. उरलेल्या चौघी ठाम राहिल्या. १८६८ मधील चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले आहे आणि बसगाड्यांतील नियम त्याच्या विरुद्ध आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

राज्याच्या कायद्यालाच आव्हान असल्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली. मे महिन्यात चौघींनी साक्षी दिल्या. ५ जून रोजी दोघा न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने, तर एकाने विरुद्ध मत दिले. दावा जिंकला, तरी गाड्यांतील भेद मिटला नाही. प्रतिवादींनी सर्वोच्च न्यायालयाकडे अपील केले आणि तोवर निकालाची अंमलबजावणी थांबली. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. लेखी आदेश २० डिसेंबरला शहरात पोहोचला. दुसऱ्या दिवशी कृष्णवर्णीय उतारू मनास येईल त्या जागेवर बसले.

न्यायालय आपण होऊन कोणाच्या दारी जात नाही. कोणीतरी धैर्याने त्याची पहिली पायरी चढावी लागते, आणि शेवटची पायरी येईपर्यंत इतरांनी धीर धरावा लागतो. माँटगोमेरीच्या लोकांनी तो वर्षभर पायी चालून धरला.