लोकसहभाग मोजायचा कसा? ऑस्ट्रेलियातल्या दोन गावांची गोष्ट



माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: "शाश्वत विकासासाठी लोकसहभाग आवश्यक आहे." गाईडनी त्याखाली लाल पेनाने तीनच शब्द लिहिले: "कोणाचा? कशात? किती?" वाक्य चुकीचं नव्हतं, पण त्यातून संशोधनाला काही मिळत नव्हतं. हे कळायला मला बरेच महिने लागले. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हा लेख.

माझा विषय आहे ऑस्ट्रेलियातल्या महानगरांबाहेरच्या गावांनी स्वतः हाती घेतलेले पर्यावरणपूरक उपक्रम. तिथे याला जुनी पार्श्वभूमी आहे. 1986 साली व्हिक्टोरिया राज्यात शेतकऱ्यांच्या स्थानिक गटांमधून 'लँडकेअर' सुरू झालं. जमिनीची धूप, क्षारपड जमीन, तण हे प्रश्न एकट्याच्या बांधावर सुटत नाहीत, शेजाऱ्याला सोबत घ्यावंच लागतं, एवढी साधी त्यामागची कल्पना. 1989 मध्ये केंद्र सरकारने तिला राष्ट्रीय कार्यक्रमाचं रूप दिलं. आता त्याच राज्यातली दोन उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण: हेपबर्न

मेलबर्नच्या वायव्येला साधारण शंभर किलोमीटरवर डेल्सफर्ड नावाचं गाव आहे. या भागात एका खाजगी कंपनीने पवनचक्क्यांचा प्रस्ताव आणला, तेव्हा स्थानिकांनी जोरदार विरोध केला. इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पण काही रहिवाशांनी वेगळा प्रश्न विचारला: पवनचक्की आपल्याच मालकीची असली तर?

त्यातून 2007 साली सहकारी संस्था स्थापन झाली. 2011 मध्ये लेनर्ड्स हिल इथे दोन पवनचक्क्या फिरू लागल्या. एकूण क्षमता 4.1 मेगावॅट, सभासद सुमारे दोन हजार. पवनचक्क्यांना नावंही आहेत, गेल आणि गस्टो! शेअर्स कितीही असोत, प्रत्येक सभासदाला एकच मत. सहकाराच्या महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय उत्पन्नातला काही वाटा गावातल्या उपक्रमांसाठी बाजूला काढला जातो.

आता संशोधक म्हणून इथे थांबा. "दोन हजार सभासद" हा आकडा मी पहिल्या मसुद्यात यशाचा पुरावा म्हणून टाकला होता. पण सगळे सभासद स्थानिक नाहीत, बाहेरचेही आहेत. आणि टेकडीजवळ राहणाऱ्या काही शेजाऱ्यांचा प्रकल्पाला विरोध होता, आवाजाच्या तक्रारी होत्या. म्हणजे दूरच्या शहरातला सभासद आकडेवारीत 'सहभागी' ठरतो, आणि पवनचक्कीच्या सावलीतला शेजारी त्यात दिसतच नाही. प्रकल्प वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. 'समुदाय' या शब्दाची सीमारेषा कोणी आखली, हे आधी तपासायला हवं एवढंच.

ही रेषा आणखी मागेही जाते. हा सगळा परिसर जा जा वुरुंग या आदिवासी समूहाची पारंपरिक भूमी आहे. 2013 साली राज्य सरकारने त्यांच्याशी करार करून त्यांचे हक्क मान्य केले. मग 'स्थानिक' कोण, हा प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

दुसरं उदाहरण: यॅकनडँडा

ईशान्य व्हिक्टोरियातलं हे छोटं गाव. 2014 साली इथल्या स्वयंसेवकांनी गट स्थापन केला आणि जाहीर करून टाकलं की 2022 पर्यंत गाव शंभर टक्के अक्षय ऊर्जेवर नेऊ. घरांवर सौर पॅनल आले, शेजारच्या घरांना जोडणारे छोटे ग्रिड आले, 2021 मध्ये सामुदायिक बॅटरी आली. 2022 उजाडलं, तेव्हा लक्ष्य पूर्ण गाठलेलं नव्हतं.

मग हे अपयश म्हणायचं का? मीही आधी तसंच लिहिणार होते. पण थोडं मागे गेले तर गंमतच सापडली. 2002 च्या सुमारास गावातला एकमेव पेट्रोल पंप बंद पडायच्या बेतात होता. लोकांनी वर्गणी काढून कंपनी स्थापन केली, पंप विकत घेतला आणि चालवून दाखवला. म्हणजे ज्या गावाचं अक्षय ऊर्जेसाठी नाव झालं, ते एकत्र यायला शिकलं पेट्रोल पंपावर!

यातून मला मिळालेला धडा असा: लोक पर्यावरणासाठी एकत्र येतात असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते आधी एखाद्या रोजच्या गरजेसाठी एकत्र येतात. हिशोब ठेवणं, भांडणं मिटवणं, एकमेकांवर विश्वास टाकणं हे सगळं तिथे शिकतात. तुमचा अभ्यास प्रकल्पाच्या उद्घाटनापासून सुरू झाला, तर ही सगळी वर्षं तुमच्या हातून निसटतात.

मग मोजायचं काय?

शेरी अर्नस्टीन यांचा 1969 चा 'सहभागाची शिडी' मांडणारा लेख नक्की वाचा. त्यात आठ पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर लोकांना नुसतं बोलावून गप्प बसवलं जातं, मधल्या पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, आणि वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार लोकांकडे असतो. बैठकीची हजेरी मोजून आपण कुठल्या पायरीवर आहोत, ते कळत नाही. म्हणून प्रश्नावली तयार करण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा:

1. लोकांना 'नाही' म्हणता येत होतं का, आणि त्यांच्या नकाराने निर्णय बदलला असता का?
2. फायदा कोणाला झाला, आणि त्रास कोणाच्या दारात आला?
3. या प्रकल्पाआधी हे लोक कशासाठी एकत्र आले होते?

दुय्यम माहितीवर काम करत असाल, तर एक सावधगिरी बाळगा. वार्षिक अहवालात सभासदसंख्या हमखास सापडते. नाराज शेजारी सापडत नाही. त्याला शोधायला स्थानिक वर्तमानपत्रं, नियोजनाच्या वेळच्या हरकती आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष मुलाखती लागतात.

आणि हो, माझं ते पहिलं वाक्य आता असं झालंय: "स्थानिक मालकीच्या ऊर्जा प्रकल्पात निर्णयाचा अधिकार आणि प्रकल्पाचा त्रास यांची वाटणी रहिवाशांमध्ये कशी होते?" लांबलचक आहे, मान्य. पण या वेळी लाल पेन चाललं नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'लोकसहभाग' हा शब्द कुठे कुठे आलाय ते आजच शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा: कोणाचा? कशात? किती?