करवाढ आणि व्याजाचा दर : एका विधानाची तपासणी

‘कर वाढले की व्याजाचा दर उतरतो’ हे विधान अर्थशास्त्रीय लेखनात वारंवार आढळते. ‘कर वाढले की कर्ज महागते’ असे नेमके उलट विधानही तितक्याच निःशंकपणे केले जाते. वरवर पाहता यांतील एक खरे असल्यास दुसरे खोटे असले पाहिजे. परंतु दोहोंतील ‘कर’ आणि ‘व्याजाचा दर’ या शब्दांचा अर्थ एकच आहे काय, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.

पहिल्या विधानामागील विचारसरणी सरळ आहे. सरकारचा खर्च तितकाच राहून कराचे उत्पन्न वाढले, तर अंदाजपत्रकातील तूट कमी होते आणि सरकारला बाजारातून कमी कर्ज उचलावे लागते. कर्जाऊ निधीची मागणी घटल्यामुळे त्याची किंमत, म्हणजे व्याज, उतरते. केन्सच्या पद्धतीने विचार केला तरी निष्कर्ष तोच येतो. करामुळे लोकांचा खर्च आखडतो, उत्पन्न घटते, व्यवहारासाठी लागणाऱ्या रोख पैशाची गरज कमी होते. आणि पैशाचा पुरवठा स्थिर असेल तर व्याजाचा दर खाली येतो.

या विचारसरणीची कसोटी पाहण्यास अमेरिकेतील १९६८ सालचा अधिभार हे उत्तम उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धाचा खर्च वाढत असता अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६७ च्या जानेवारीत अधिभाराची मागणी केली. दीर्घ वादानंतर २८ जून १९६८ रोजी कायद्यावर त्यांची सही झाली. व्यक्ती व कंपन्या यांच्या आयकरावर दहा टक्के अधिभार बसला. त्यामुळे दर उतरतील अशी सार्वत्रिक अपेक्षा होती. किंबहुना त्याच अपेक्षेने फेडरल रिझर्व्हने ऑगस्टमध्ये बँकांना कर्ज देण्याचा आपला दर साडेपाचवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला.

अंदाजपत्रकापुरता अधिभार यशस्वी झाला. १९६८ च्या आर्थिक वर्षात सुमारे २५ अब्ज डॉलरांची तूट होती. १९६९ च्या वर्षअखेर सुमारे ३ अब्ज डॉलर शिल्लक पडले. व्याजदर मात्र उतरले नाहीत. दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील उत्पन्न १९६८ च्या मध्यास पावणेसहा टक्क्यांच्या आसपास होते. ते १९६९ च्या डिसेंबरात साडेसात टक्क्यांच्याही वर गेले. तूट नाहीशी झाली आणि व्याज चढले!

याची कारणे तीन दिशांना शोधावी लागतात. पहिली दिशा बचतीची. अधिभार तात्पुरता होता, हे सर्वांस ठाऊक होते. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार माणूस आपला खर्च चालू उत्पन्नावर नव्हे, तर दीर्घकाळच्या अपेक्षित उत्पन्नावर बेततो. असा माणूस तात्पुरता कर खर्चातून न भागवता बचतीतून भागवील. मग सरकारची उचल शंभराने घटली तरी खाजगी बचतही बरीचशी घटेल आणि निधीच्या बाजारात निव्वळ फरक थोडाच पडेल. रॉबर्ट आयस्नर यांनी १९६९ साली या अधिभाराविषयी याच स्वरूपाची टीका केली. उलट आर्थर ओकन यांनी १९७१ च्या आपल्या अभ्यासात असे दाखविले की, मोटारींची खरेदी वगळता अधिभाराने उपभोगाला बऱ्याच अंशी आवर घातला होता. तेव्हा हे कारण खरे असले तरी पुरेसे नव्हे.

दुसरी दिशा मध्यवर्ती बँकेची. ‘पैशाचा पुरवठा स्थिर असेल तर’ ही अट वर सहज उच्चारली गेली; परंतु सारा भार तिच्यावरच आहे. भाववाढ आटोक्यात येत नाही असे दिसताच फेडरल रिझर्व्हने धोरण उलटविले आणि एप्रिल १९६९ पर्यंत आपला दर सहा टक्क्यांवर नेला.

तिसरी दिशा खुद्द ‘व्याजाचा दर’ या शब्दाची. रोख्यावर छापलेला दर आणि भाववाढ वजा करून उरणारा वास्तव दर यांना आपण एकाच नावाने ओळखतो. अमेरिकेत ग्राहक-किंमती १९६८ साली सरासरी चार टक्क्यांहून थोड्या अधिक, तर १९६९ साली सुमारे साडेपाच टक्क्यांनी वाढल्या. भाववाढ टिकणार असे धनकोंस वाटू लागले म्हणजे ते तितके अधिक व्याज मागतात. सबब छापील दरातील चढ हा सर्वस्वी वास्तव दरातील चढ नव्हता.

आता उलट विधानाकडे वळू. तेथे ‘कर’ या शब्दाने बहुधा व्याजाच्या उत्पन्नावरील कर अभिप्रेत असतो. धनकोस कर वजा जाता सहा टक्के हवे असतील आणि कराचे प्रमाण वीस टक्के असेल, तर तो साडेसात टक्के मागेल. प्रमाण पंचवीस टक्के झाल्यास आठ टक्के मागेल. हा वाढीव बोजा ऋणको कितपत उचलील, हे भांडवलाला अन्यत्र जाण्याची वाट किती मोकळी आहे यावर अवलंबून राहील. तात्पर्य, दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

१९९३ साली अमेरिकेत आयकराचा वरचा दर ३१ वरून ३९.६ टक्के करण्यात आला. त्या वर्षी जानेवारी ते ऑक्टोबर या काळात दीर्घ मुदतीचे दर एक टक्क्याहून अधिक उतरले. ही करवाढ तात्पुरती नव्हती, आणि भाववाढही मंद होती. परंतु पुढच्याच वर्षी फेडरल रिझर्व्हने आपले दर वाढविताच तेही पुन्हा चढले.

म्हणून ‘करवाढीने व्याज उतरते काय?’ हा प्रश्न या स्वरूपात अपुरा आहे. कोणता कर, किती काळासाठी, त्या उत्पन्नाचा विनियोग कसा, मध्यवर्ती बँकेचे धोरण काय, आणि दर छापील की वास्तव, ही पाच पदे भरल्यावाचून त्या वाक्याला निश्चित अर्थच येत नाही. १९६८ साली धोरणकर्त्यांनी ती पदे न भरताच उत्तर गृहीत धरले आणि भाववाढ चालू असताना पैसा स्वस्त केला. अपुऱ्या वाक्यावर आधारलेल्या धोरणाची किंमत केवळ तर्कशास्त्रात मोजली जात नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे.